फाटकावरचा शब्द

सोमवार, २ डिसेंबर

आज मला पुन्हा खुर्ची मिळाली. निवृत्त झाल्यापासून घरात मला पलंग आहे, ओसरीवरचा बाक आहे, शकुबाई शेंगा फोडायला बसली की तिच्या शेजारचा पाट आहे. पण पुढे टेबल असलेली खुर्ची नव्हती. ती लोणी देवकरच्या एमआयडीसीत, राजवर्धनच्या पंख्याच्या पात्यांच्या कारखान्यात मिळाली.

राजवर्धन माझा पणदऱ्याच्या शाळेतला विद्यार्थी. मराठीत कच्चा. ‘माझा आवडता सण’ या निबंधात त्यानं सणाचं नावच लिहिलं नव्हतं. आता बारामतीत बंगला, इंदापूर तालुक्यात कारखाना, आणि परदेशी गिऱ्हाईक दाराशी आलेलं. त्याला फाटकावर मोठा फलक लावायचा आहे. ‘येथे ……… पाती तयार होतात.’ मधली जागा मोकळी. जन्मभर मी पोरांना गाळलेल्या जागा भरायला दिल्या, आज एका पोरानं मला दिली.

“सर, झिरो डिफेक्टला मराठीत काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा,” तो म्हणाला. “एकच शब्द. पण वजनदार.” वर गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं. त्यावर ‘भाषा सल्लागार’ असं छापलेलं आहे. घरी आल्यावरही बराच वेळ काढायचं विसरलो.

एक अडचण आहे. माझी सून स्वप्नाली त्याच कारखान्यात आहे. पाती तपासून खोक्यात भरायच्या लायनीवर. ठेकेदाराकडून लागली, पण जानेवारीअखेर तिला कायम करणार असं बोलणं झालंय. आमच्या सोपानचा टेम्पो एक दिवस चालतो, दोन दिवस गॅरेजात असतो, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं त्या जानेवारीकडे लक्ष आहे. मी तिला कंपनीच्या बसमध्येच बजावलं, “कारखान्यात आबा म्हणू नकोस, सर म्हण. लोकांना वशिला वाटायचा.”

“वशिला लावून मला कुठं जायाचंय आबा?” म्हणाली. पण कबूल झाली. मग मी पुढे स्टाफच्या सीटवर जाऊन बसलो.

गुरुवार, ५ डिसेंबर

शब्द सोपा नाही. तीन दिवस झाले, टेबलावर कोश उघडा आहे.

‘संपूर्ण’ म्हणजे सगळे भाग जागेवर आहेत. पंख्याला तिन्ही पाती आहेत, झालं संपूर्ण. एक वाकडं असलं तरी संपूर्णच. ‘निर्दोष’ म्हणजे खोट नाही, पण एकटं पातं निर्दोष असून वारा येत नाही. ‘परिपूर्ण’मध्ये दोन्ही आलं, सगळं आहे आणि जसं हवं तसं आहे. पण तो शब्द जेवणाच्या ताटाला शोभतो. ‘निष्कलंक’ चारित्र्याला आणि ‘बिनचूक’ गणिताला. पात्याला काय, हा खरा प्रश्न.

गुणवत्ता विभागाचे प्रमुख इकबाल माझ्या टेबलाशी आले. इंदापूरचेच आहेत, त्यांच्या भावाचं नाक्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. “सर, ‘बेदाग’ लिवा. साबनाच्या जाहिरातीत चालतं.”

“तो आपला शब्द नव्हे, इकबालभाई.”

“माझ्या घरात तर हाय. आन् तुमी ‘डाग’ म्हनता त्यो कुठनं आला?”

कोशात पाहिलं. आयला, खरंच की, फारसीतूनच. पण मी पान उलटलं.

घरी शकुबाईला ‘निर्व्यंग’बद्दल विचारलं. ती भाकरी थापत होती. “माझ्या लग्नाच्या कागदावर निर्व्यंग लिवलं हुतं. तरी तुमी, तुमची आत्या आन् तुमचा मामा तिघंजन मला चालवून बघाया आला हुता. शब्दावर इस्वास असता तर घरीच बसला असता न्हवं?” या बाईपुढे भाषेचा विषय काढण्यात अर्थ नाही.

शेवटी ‘निर्दोष’ नक्की केला. राजवर्धनला आवडला. रंगाऱ्यानं दुपारीच निळ्या अक्षरात रंगवायला घेतला.

गुरुवार, १२ डिसेंबर

परदेशी गिऱ्हाइकाला नमुन्याची पाती जायची म्हणून आज कारखान्यात पूजा आणि होम झाला. राजवर्धनच्या मातोश्री राजेश्वरीबाई बारामतीहून खास आल्या होत्या. सकाळी मोरगावला जाऊन मग इकडे. सगळे त्यांना बाईसाहेब म्हणतात. साधी बाई. माझ्या पाया पडायला वाकल्या. मीच मागे सरलो. “माझ्या राजाला तुमी शिकीवलं,” म्हणाल्या. ऊर भरून आला.

होम झाल्यावर त्यांनी पदराआडून चांदीची इवलीशी डबी काढली. बोट बुडवून आधी राजवर्धनच्या कानामागे लावलं, मग इकबालच्या, मग माझ्या. अंगारा असावा. होमात तूप फार ओतलेलं दिसतं, कारण अंगारा काळाकुट्ट आणि तेलकट होता. सदऱ्याची कॉलर पांढरी, म्हणून मी बाजूला होऊन रुमालानं पुसून टाकला.

मग बाईसाहेब नमुन्याच्या उघड्या खोक्यांकडे गेल्या. पांढरीशुभ्र पाती, आरशासारखी. “किती गोरी गोरी हायत गं बाई,” म्हणाल्या आणि नातवंडं कुरवाळावीत तशा एकेका पात्याच्या कोपऱ्याला बोट लावत गेल्या. म्हाताऱ्या माणसांचा जीव कशातही गुंततो. स्वप्नाली खोकी बंद करायला शेजारीच उभी होती. ती इकबालना हळूच काहीतरी विचारत होती, आणि इकबालनी दोन्ही कानांना हात लावून मान हलवली. कामाच्या वेळी असल्या खाणाखुणा मला आवडत नाहीत. बसमध्ये तिला तसं बोललोही. ती नुसतं “व्हय सर” म्हणाली.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सकाळी सकाळी तमाशा. शकुबाई धुणं घेऊन बसली होती, माझा रुमाल दोन बोटांत धरून आत आली. “ह्ये काजळ कुनाचं?”

“काजळ कसलं? कारखाना आहे तो. मशीनची काजळी उडते.”

“मशिनीला डोळं असत्यात व्हय?”

एवढं वय झालं तरी बायको संशय घेते याचं एका परीनं बरंही वाटलं. तिनं रुमाल चुलीवर उकळायला टाकला.

मंगळवार, ७ जानेवारी

घात झाला.

परदेशातून मेल आला. नमुना नापास. फोटोसकट. सगळ्याच्या सगळ्या पात्यांवर, एकाच कोपऱ्यात, बोटाएवढा काळा डाग. राजवर्धननं पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला, आणि हॉलमध्ये सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मला तर रडू येईल असं वाटलं. फाटकावर भल्यामोठ्या अक्षरात ‘निर्दोष’ लिहिलंय आणि आत ही अवस्था.

मग शोधमोहीम सुरू झाली. पाच वेळा ‘का’ विचारायचं अशी म्हणे पद्धत आहे. डाग का पडला? काळं लागलं म्हणून. काळं का लागलं? लागेल असं काही जवळ होतं म्हणून. जवळ का होतं? इथे इकबालना खोकल्याची उबळ आली. ते बाहेर जाऊन पाणी प्यायले आणि परत आलेच नाहीत. उरलेले दोन ‘का’ उद्यावर गेले.

गुरुवार, ९ जानेवारी

नमुन्यातलं एक पातं कारखान्यात राखून ठेवलं होतं, त्यावरचा डाग पुण्याच्या प्रयोगशाळेनं तपासला. काजळी आणि एरंडेल तेल. मी लगेच म्हटलं, काजळी म्हणजे धुराडं आणि एरंडेल म्हणजे कुठल्या तरी मशीनचं वंगण. दुपारभर मी आणि एक अप्रेंटिस धुराडं शोधत फिरलो. शेवटी कळलं की कारखाना विजेवर चालतो, धुराडं नाहीच.

इकबाल म्हणाले, “सर, एरंडेल आन् काजळी. तुमी गावात वाढला. तुमाला काय आठवतं का बघा.”

“काय आठवायचं?”

“न्हाय, मला वाटलं मराठीचं सर हायत,” म्हणाले आणि गेले. या माणसाचं बोलणं नेहमी अर्धवट असतं.

शुक्रवार, १० जानेवारी

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहितो.

ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलं की हे काजळ आहे. राजवर्धन खुर्चीत अवघडला. सारखा कानामागे हात फिरवत होता, पित्त उठलं असावं. म्हणाला, “ठीक आहे, काजळ तर काजळ. गिऱ्हाइकाला कारण कळवावं लागतं सर. कुणाचं तरी नाव टाकून फाइल बंद करावी लागते.” मग खोकी भरणाऱ्या बायकांच्या पर्स तपासल्या. स्वप्नालीच्या पर्समध्ये काजळाची डबी निघाली.

ती डबी मी ओळखतो. माझ्या नातीची, छकुलीची. रोज सकाळी स्वप्नाली तिच्या गालाला तीट लावते आणि घाईत डबी पर्समध्ये टाकते. खोक्यांच्या चिकटपट्टीवर सहीही तिचीच होती. पोरीनं कौतुकानं लावलं असेल का? पाती दिसतात तर गोरी, नजर लागू नये म्हणून? बायकांचं काही सांगता येत नाही.

राजवर्धन म्हणाला, “सर, तुमची सून आहे हे मला माहीत आहे. नोटीस दुसऱ्याकडून लिहून घेऊ का?”

खरं सांगायचं तर इथे मी हो म्हणायला हवं होतं. पण ऑफिसात दुसरा कोण आहे मराठी लिहिणारा? तो क्लार्क ‘आपणांस’ या शब्दात तीन चुका करतो. शिवाय नात्यापायी मी माघार घेतली असं कुणी म्हणायला नको. मी लिहिली. ‘आपल्या सदोष कृतीने निर्दोष मालास कलंक लागला असून आपणांस चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावरून दूर करण्यात येत आहे.’ सदोष, निर्दोष, कलंक, पूर्ण. वाक्य चांगलं उतरलं होतं. राजवर्धननं दोनदा वाचून घेतलं.

कायम होण्याचं राहिलं. चौकशीत दोष लागला तर तेही गेलं आणि आहे ते कामही गेलं.

शनिवार, ११ जानेवारी

सकाळी स्वप्नालीनं कप माझ्यापुढे ठेवला. “सर, चहा.”

मी म्हटलं, “अगं, घरात आबा म्हण.”

“नोटिसीवर अक्षर सरांचं हाय,” म्हणाली आणि छकुलीला घेऊन आत गेली. सोपान जेवतानाही माझ्याकडे बघत नव्हता.

शकुबाईनं मात्र तोंडाचा पट्टा सोडला. “सुनंला नोटीस लिवताना हात न्हाय झडला तुमचा? वरनं मला वाचून दावता, वाक्य कसं उतरलंय म्हनून!”

दुपारी मी स्वप्नालीला जवळ बसवून विचारलं, खरं काय ते सांग. ती म्हणाली, “मी लावलं न्हाय. कुनी लावलं ते आख्ख्या कारखान्यानं बघितलंय. तुमीबी हुता की तितं.”

“मग नाव सांग ना.”

“मी सांगितलं तर पॅकिंगची बाई तोंड वर करून बोलली म्हनून सगळ्या बायांना घरी बसवत्याल. सरांनी सांगितलं तर सर बोललं, एवढंच हुईल. मी इकबालभाईंना तवाच इचारलं हुतं, पुसू का म्हनून. त्यांनी कान धरलं.”

मला काही उमगेना. मी तिथे होतो आणि मला दिसलं नाही असं काय होतं? मी तर सगळा वेळ डोळे उघडे ठेवून होतो.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शकुबाईनं तिळाच्या वड्या केल्या, पण मला ताटलीत दोनच दिल्या. मग कपाटातून तो रुमाल काढून माझ्या मांडीवर टाकला.

“दोनदा उकळला तरी डाग गेला न्हाय. साधं काजळ न्हाय ह्ये, घरी पाडलेलं हाय. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्या पालथा घालून. माझी आय पाडायची असंच, पणदऱ्यात. मी तवापासनं इचार करतीया, तुमच्या कानाला कुठली बाई लागली हुती?”

“बाई कुठली! राजवर्धनच्या मातोश्री. त्यांनी अंगारा लावला पूजेत. सगळ्यांनाच लावला.”

“कुठं लावला?”

“कानामागे.”

शकुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. “अवो सर! अंगारा कपाळाला लावत्यात. कानामागं तीट लावत्यात!”

मी रुमालाकडे बघत राहिलो. चांदीची डबी आठवली. गोरी गोरी हायत गं बाई. एकेका पात्याचा कोपरा. स्वप्नालीचं विचारणं, इकबालचे कान, राजवर्धनचं पित्त. मराठी शिकवण्यात माझी हयात गेली आणि तीट माझ्याच कानामागे लागलेली मला कळली नाही. पोरीला मी ‘सदोष’ लिहिलं. दोन्ही वड्या तशाच राहिल्या.

गुरुवार, १६ जानेवारी

आज राजवर्धनपुढे उभा राहिलो आणि बोललो. “ती तीट बाईसाहेबांनी लावली. तुला माहीत आहे.”

“सर, बसा,” तो म्हणाला. “मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आईनं मलाच आधी लावली नाही का? पण आईचं नाव मेलमध्ये कसं टाकणार?”

मग त्यानं आनंदाची बातमी सांगितली. कालच त्यानं गिऱ्हाइकाला कळवलं की तो डाग नसून आमची परंपरागत खूण आहे, मालकांच्या मातोश्री स्वतःच्या हातानं देतात, काम मनासारखं झालं तरच देतात. गिऱ्हाईक खूश. ऑर्डर पक्की, आणि यापुढे प्रत्येक पात्यावर तो काळा ठिपका छापून पाठवा म्हणतात. म्हणजे ठिपका नसेल तर माल नापास.

“त्यामुळे सर, फाटकावर ‘निर्दोष’ चालणार नाही. ठिपका आहे म्हटल्यावर निर्दोष कसं? शब्द बदला.”

लाज वाटते सांगायला, पण त्याही क्षणी माझं डोकं शब्दाकडेच धावलं. “परिपूर्ण,” मी म्हणालो. “निर्दोषमधून काहीतरी वगळलेलं असतं. परिपूर्णमध्ये तीटसुद्धा सामावते.” त्यानं टेबलावर थाप मारली. “व्वा सर! हेच सव्वीस जानेवारीच्या भाषणात बोला. आईच्या हस्ते उद्घाटन आहे.”

“आणि स्वप्नाली?”

“तिचं काय, चौकशी संपवून टाकू. लिहा, ‘चौकशी पूर्ण झाली आहे.’ तिनं परत ठेकेदाराकडे नाव नोंदवावं.”

“निर्दोष आहे असं लिहू ना?”

“नको सर. ती निर्दोष म्हटली तर दोष कुणाचा, असं विचारतील. पूर्ण लिहा. पूर्णमध्ये कुणाला लागत नाही.”

मी लिहिलं. त्याच खुर्चीत बसून लिहिलं.

सोमवार, २० जानेवारी

चार दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो. आज दिलं. स्वप्नालीनं उभ्यानंच वाचलं, मग छकुलीला खाली ठेवून परत वाचलं.

“चौकशी पूर्ण झाली हाय,” ती म्हणाली. “आन् ह्यात मी कुठं हाय, सर?”

“म्हणजे तू परत कामावर जाऊ शकतेस.”

“ठेकेदाराकडं. पहिल्यापासनं. जानेवारीचं कायम गेलंच न्हवं? आन् लायनीवर समद्या म्हनत्याल, काजळवाली आली.” तिचे डोळे भरले, पण तिनं पदर नाही लावला. “तुमाला शब्दाचं एवढं कळतं. माझ्यापुरता तेवढा एकच शब्द नव्हता का तुमच्याकडं?”

मी ‘पूर्ण’ आणि ‘निर्दोष’ यातला फरक तिला समजावून सांगायला लागलो. मग माझं मलाच ऐकवेना.

शनिवार, २५ जानेवारी

फलक पाहून आलो. रंगाऱ्यानं ‘निर्दोष’वर पांढऱ्या रंगाचा एकच हात मारलाय आणि वर ‘परिपूर्ण’ लिहिलंय. जवळून पाहिलं तर परिपूर्णच्या मागून निर्दोष दिसतंय. रंगारी म्हणाला, “दोन हाताचं पैसं दिलं न्हाईत. लांबनं बघायचं.”

उद्याचं भाषण लिहून काढलं. परिपूर्ण या शब्दावर चांगली दोन पानं. शकुबाई म्हणाली, “म्या येनार हाय ऐकाया. स्वप्नालीलाबी आननार हाय. सुनंनं बघूदे, सासरा कसा बोलतो.” ती असं म्हणाल्यापासून जेवण गेलं नाही.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन झालं. फाटकापुढे खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत बाईसाहेब, मांडीवर ती चांदीची डबी. पॅकिंगच्या बायका मागे उन्हात. त्यांच्यात शकुबाई आणि छकुलीला कडेवर घेतलेली स्वप्नाली. बाईसाहेबांनी फलकावरचा पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि माइक माझ्या हातात आला.

मी कागद उघडला. “परिपूर्ण हा शब्द…” एवढं वाचलं आणि पुढची ओळ दिसेना. चष्मा डोळ्यावरच होता. मागे छकुलीनं हाक मारली, “आबा!” एवढ्या लोकांत तेवढी एकच मला आबा म्हणत होती.

कागद खिशात घातला. माइकनं आवाज सगळ्यांपर्यंत नेला. “बाईसाहेब, तुम्ही पात्यांना मायेनं तीट लावलीत. त्याला इथे आधी डाग म्हटलं गेलं. तो डाग माझ्या सुनेच्या नावावर टाकून तिला घरी बसवलं, आणि तिची नोटीस मी लिहिली. नंतर कळलं की डाग तुमचा आहे, तेव्हा त्याची खूण झाली, परंपरा झाली, ऑर्डर मिळाली. फाटकावरचा शब्द बदलला. पोरीच्या कागदावरचा तेवढा बदलला नाही. ती निर्दोष आहे. बस्स, एवढंच बोलायचं होतं.”

राजवर्धन हसऱ्या चेहऱ्यानं उठला, “छोटासा गैरसमज…” म्हणाला. पण बाईसाहेब उभ्या राहिल्या होत्या.

“राजा, माझ्या बोटापायी तू पोरीला कामावरनं काढलंस?”

“आई, नंतर बोलू.”

“आत्ता बोल. मला तू म्हनलास, पाती सुखरूप पोचली. म्या रोज देवाला हात जोडतीया. आन् हितं एका लेकुरवाळीच्या कपाळी खोटं मारलंस?”

तेव्हा कुठे इकबाल पुढे आले. “बाईसाहेब, मी बघितलं हुतं. पोरगी पुसू का इचारत हुती. मीच न्हाय म्हनलं. मलाबी आधी बोलाया पायजे हुतं.” मग मागून एक बाई म्हणाली, “आमीबी बघितलं.” मग दुसरी. मग सगळ्यांचा एकच कालवा झाला. मला एकाच गोष्टीचं नवल वाटलं. एवढ्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एवढे दिवस गुपित राहिली कशी?

बाईसाहेब सरळ मागे चालत गेल्या. स्वप्नालीच्या गालावरून हात फिरवला, छकुलीच्या गालाची तीट पाहिली आणि रडायला लागल्या. स्वप्नालीही रडली. शकुबाई तर आधीपासूनच रडत होती. राजवर्धन फोटोग्राफरला फोटो काढू नको म्हणून खुणावत होता.

मंगळवार, २८ जानेवारी

सकाळी कारखान्यात बोलावणं आलं. राजवर्धन माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, “आई जेवत नाहीये सर. लिहा काय लिहायचं ते.” मी उभ्या उभ्याच लिहिलं. ‘चौकशीत सौ. स्वप्नाली निर्दोष असल्याचे दिसून आले असून त्यांना दि. १ फेब्रुवारीपासून कायम करण्यात येत आहे.’ एकही अलंकार नाही. इतकं साधं वाक्य मी तरुणपणीही लिहिलं नसेल. सही त्यानं केली.

मग त्यानं हात पुढे केला. मला वाटलं आभार मानतोय, पण त्याला ओळखपत्र हवं होतं. “भाषेचं काम आता पूर्ण झालंय सर,” म्हणाला. मी गळ्यातून काढून दिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. खुर्ची चांगली होती, हाताला टेकायला जागा होती. शिवाय ‘परिपूर्ण’बद्दलची दोन पानं कुणी ऐकलीच नाहीत.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज स्वप्नाली कामावर गेली. तिची बस सातला नाक्यावर येते. मी छकुलीला घेऊन ओसरीवर बसलो होतो. आता हेच माझं काम आहे आणि इथे ओळखपत्र लागत नाही.

घाईघाईनं डबा पिशवीत टाकत ती बाहेर आली. वाकून छकुलीच्या गालाला तीट लावली. बोटाला थोडं काजळ उरलं होतं. ते पुसायला ती फडकं शोधत होती, मग थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

“आबा, मान वळवा जरा.”

“मला कशाला? मी काय गोरा आहे?”

“एवढ्या लोकांत बोलला तुमी. तवापासनं नाक्यावर समद्यांच्या तोंडात तुमचंच नाव हाय. नजर लागंल.” असं म्हणून तिनं माझ्या कानामागे बोट टेकवलं आणि बससाठी पळत सुटली.

शकुबाई दारातून बघत होती. म्हणाली, “रुमाल देऊ का?”

मी नको म्हणालो.